धुलाईघरातली बाराखडी

३ फेब्रुवारी, सोमवार

एकेचाळीस वर्षं बोललो. मैदानात, कारखान्याच्या फाटकापाशी, ट्रकच्या टपावर, एकदा तर पाण्याच्या टाकीवर चढून. हातात कागद कधी धरला नाही. लिहून आणलेलं भाषण म्हणजे शिळं अन्न, असं जाहीरपणे सांगत आलो. आणि आता सत्तरीला टेकल्यावर दैनंदिनी उघडून बसलो आहे. कारण आमच्या कामगार संघटनेनं मला ‘मार्गदर्शक’ केलं. मार्गदर्शक म्हणजे ज्याला सभेला बोलावतात, पहिल्या रांगेत बसवतात आणि माइक देत नाहीत.

आज पुन्हा श्रोते मिळाले. नऊ जण. मोठ्या रुग्णालयाचं धुलाईघर, त्यातली इस्त्रीची खोली, दोन पाळ्यांच्या मधला तास, दोन ते तीन. सगळे अंगठेबहाद्दर. त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचं.

त्यांच्यात मुख्य म्हणजे अक्का. पंचावन्न वर्षांच्या, भट्टीवर कपडे उकळण्याचं काम बघतात. धुलाईघराचे मुकादम मार्चअखेर निवृत्त होणार. गेली अकरा वर्षं काम अक्का करतात आणि चिठ्ठ्या मुकादम वाचतात. प्रत्येक वॉर्डातून कपड्यांच्या गाठोड्याला चिठ्ठी बांधून येते: साधे कपडे, रक्ताचे, संसर्गाचे. संसर्गाचे वेगळे उकळावे लागतात, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याच्या अंथरुणात. अधीक्षकांनी सांगितलं आहे की सत्तावीस मार्चला अक्कांनी चिठ्ठ्या वाचून दाखवाव्यात आणि पाच ओळी लिहाव्यात. जमलं तर त्या मुकादम. नाही जमलं तर भांडारातला एक शिकलेला मनुष्य येईल, ज्यानं आयुष्यात रुमालसुद्धा धुतलेला नाही.

मी सर्वांसमोर शब्द दिला. “अक्का, सत्तावीस तारखेला तुम्ही घडाघडा वाचाल. नाही वाचलंत, तर मी पुन्हा कुठल्या व्यासपीठावर चढणार नाही.”

“तसं नका करू भाऊ,” अक्का म्हणाल्या. “माझ्यापायी तुम्ही कशाला गप्प?”

नोंद ठेवली पाहिजे. पुढेमागे याचं पुस्तक होईल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वर्ग रंगला. मी ठरवलं आहे की मोठ्या माणसांना अ-आ-इ-ई घोकायला लावणं हा त्यांचा अपमान आहे. त्यांना आधी कळलं पाहिजे की ही विद्या त्यांचीच आहे, कोणी चोरून नेली होती.

आज सांगितलं: “लिहिण्याबद्दलचा एकही शब्द महालात जन्मलेला नाही! लिहिणं म्हणजे मुळात ओरखडणं, टोकदार काहीतरी घेऊन सालीवर, पानावर चरे पाडणं. पत्र म्हणजे झाडाचं पान. वहीच्या पानालाही आपण पानच म्हणतो की नाही? पोथीतलं कांड म्हणजे देठाचा तुकडा, आणि पर्व म्हणजे बांबूचं, उसाचं पेर. सूत्र म्हणजे सूत. शाई म्हणजे फारसी सियाही, नुसता काळेपणा, काजळी. म्हणून ‘लाल शाई’ म्हणणाऱ्याला विचारा, बाबा रे, लाल काळं म्हणजे काय? आणि ग्रंथ! मोठमोठे लोक ग्रंथापुढे वाकतात. ग्रंथ म्हणजे काय? बांधलेलं. सुटी पानं ओवून मारलेली गाठ!”

इथे अक्कांनी हात वर केला. “गाठ म्हणाल तर भाऊ, मी वाचतेच की. पाच नंबरवाले गाठ डावीकडं मारतात. बाळंतिणींच्या वॉर्डातली दुहेरी असते. आणि कुणाच्या जिवाला घाई असली की गाठच नसते, नुसता पीळ.”

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी की अक्कांसाठी, ते नीट कळलं नाही.

घरी येऊन हिला सगळं पुन्हा सांगितलं. ही भाजी निवडत ऐकत होती. मध्येच म्हणाली, “अहो, पाट्या बघितल्यात का त्यांच्या?” मी म्हटलं, पाट्या काय बघायच्या, चेहरे बघावेत, कसे उजळतात! हिनं बत्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं. लहान मुलांचं ठीक आहे. मोठ्यांचं मानसशास्त्र वेगळं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दप्तर आणि कलम सांगितलं. पोरांच्या पाठीवरचं दप्तर मुळात ग्रीकांचं चामडं, इराणमार्गे आपल्याकडे चालत आलेलं. कलम म्हणजे बोरू, नुसती पाणवेत. टपाल खूश. (टपाल म्हणजे इस्त्रीवरची एक बाई. या खोलीतली बातमी त्या खोलीत पोचायला तिला मिनिट लागत नाही, म्हणून ते नाव.) ती म्हणाली, “म्हणजे साहेबाच्या खिशातलं पेन हे गवत?” मी म्हटलं, “गवतच.” आता रुग्णालयात हे किती मजले चढलं असेल देव जाणे.

शेवटची दहा मिनिटं पुस्तकातला धडा. मी म्हणतो, ते म्हणतात.

घसा बसला आहे. आठवा धडा म्हणताना सारखा खोकला येत होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अधीक्षक स्वतः आले. पाच मिनिटं उभे राहिले. मी अक्कांना आठवा धडा वाचायला लावला. ओळीखालून बोट फिरवत अक्कांनी घडाघडा वाचला. एकही अडखळ नाही. अधीक्षकांच्या भुवया वर गेल्या. “सतरा दिवसांत?” म्हणाले.

मी म्हटलं, “साहेब, माणसाला त्याची विद्या परत दिली की वेळ लागत नाही.”

आज छाती भरून आली. घरी येताना पोळ्यांच्या दुकानापाशी थांबून उगाच दोन ओळखीच्यांना सांगितलं.

ही म्हणाली, “नववा धडा वाचून बघितला का?” मी म्हटलं, अजून शिकवला नाही तर कसा वाचतील? ही चष्मा पुसत बसली.

४ मार्च, मंगळवार

लिहू नये असं वाटतं आहे. पण लिहितो.

काल माझं पुस्तक सोड्याच्या पाण्याच्या बादलीत पडलं. आज येताना नवीन आणलं. मुखपृष्ठ तेच, पण आत नवी आवृत्ती, धडे बदललेले. जुन्यात आठवा धडा विहिरीचा होता, नव्यात सुताराचा आहे. मला हे वाटेत चाळताना दिसलं होतं, पण मनात काही आलं नाही. मी सहज अक्कांपुढे पान उघडलं आणि म्हटलं, “वाचा आठवा.”

अक्कांनी ‘सुतार’ या शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाचलं, “गावाबाहेर एक जुनी विहीर होती.”

अक्कांचं बोट सुताराच्या करवतीवरून पुढे गेलं. “विहिरीतलं पाणी फार खोल होतं.” आणि मग अक्का खोकल्या. दोनदा. घशात धरल्यासारखं, उजवा हात छातीवर ठेवून. तो माझा खोकला होता. त्या बुधवारचा.

मग एकेकाला वाचायला लावलं. नऊ जणांनी नऊ वेळा तीच विहीर वाचली. आठ जण खोकले. फक्त टपाल खोकली नाही. ती म्हणाली, “मला वाटलं खोकला तुमचा स्वतःचा आहे, पुस्तकातला नाही.”

मी अक्कांना विचारलं, “एक तरी अक्षर ओळखता का?”

अक्का खाली बघत म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही इतकं छान बोलता. मध्येच थांबवून ‘हे कुठलं अक्षर’ म्हणून कसं विचारायचं? भर सभेत उठून कोण विचारतं?”

मी त्यांना पाट्या दाखवायला सांगितलं. त्या कोऱ्या होत्या. एकीवर फूल काढलेलं होतं. चांगलं होतं फूल.

५ मार्च, बुधवार

गेलो नाही. ताप आल्याचं कळवलं. ताप नाही.

महिनाभर मी वर्ग घेतला नाही, सभा घेतली. नऊ माणसं रोज आपला विश्रांतीचा तास मला देत होती आणि मी तो खात होतो. मागच्या महिन्यात लिहिलेली पानं काढून वाचायला घेतली, आणि ‘छाती भरून आली’पर्यंत आल्यावर वही मिटली.

ही जवळ येऊन बसली. “अहो, जेवून घ्या आधी.”

“तुला काय वाटतं, आता जमेल? बावीस दिवस राहिलेत.”

“मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, पाट्या बघा.”

हिनं असं काही विचारल्याचं मला आठवत नाही. हिला कधीकधी वाटतं की आपण बोललो. पण वाद घालायची ही वेळ नव्हती.

“बावीस दिवस पुरेसे आहेत,” ही म्हणाली. “अक्षरं ओळखायला सगळी बाराखडी लागत नाही. आधी त्यांना रोज लागतात तेवढीच. मला तास द्या. तुम्ही बसा.”

“बसू म्हणजे?”

“म्हणजे बसा.”

७ मार्च, शुक्रवार

हिला मदतीला घेऊन गेलो.

खोलीच्या खिडकीची काच वाफेनं कायम धूसर असते. हिनं खडू नाही, पाटी नाही, सरळ काचेवर बोटानं ‘वाफ’ लिहिलं. मग विचारलं, “हे काय आहे?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगणारच होतो की वाफ हा शब्द बाष्पापासून आला, पण हिनं ओठांवर बोट ठेवलं. मला! बत्तीस वर्षांची सवय असणार.

मग प्रत्येकानं काचेवर ‘वाफ’ लिहिलं. चुकलं तरी मिनिटात वाफ पुन्हा धरते आणि काच कोरी. त्यामुळे कोणी घाबरत नव्हतं. टपालनं ‘वा’ उलटा काढला. ही म्हणाली, “पलीकडून बघणाऱ्याला बरोबर दिसेल, आता इकडच्यांसाठी काढ.” खोली हसली.

मग ‘डाग’. मग ‘गरम’. मग ‘ताप’. एका अक्षरातून दुसऱ्यात पाय ठेवत गेल्यासारखं.

मी घोंगड्यांच्या ढिगावर बसलो होतो. पन्नास मिनिटं बोललो नाही. मोजली आहेत.

१४ मार्च, शुक्रवार

अक्कांना शब्द लागायला लागले आहेत, पण चिठ्ठी समोर धरली की त्या मागे सरकतात. आज चिठ्ठी टेबलावर टाकली आणि म्हणाल्या, “भांडारवाल्याला येऊ द्या. मी माझी भट्टी बघते.”

हिनं चिठ्ठी उचलली नाही. नुसतं विचारलं, “चादरीवर डाग कसला आहे ते लांबून कळतं तुम्हाला?”

“कळतं की.”

“पहिल्या दिवशी कळत होतं?”

“पहिल्या दिवशी काय कळतंय? आयोडीन आणि चहा यांतला फरकसुद्धा कळत नव्हता. भाजून घेतलं, ओरडून घेतलं, तेव्हा कळलं.”

“मग?”

अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही सांगितलं होतं ना, आधी लोक पानावर ओरखडेच काढायचे?”

“हो.”

“म्हणजे ज्यानं पहिल्यांदा काढला, त्यालाही येत नव्हतंच.”

मी म्हटलं, नव्हतंच. एवढंच म्हटलं. पुढचं सगळं जिभेवर होतं, ते गिळलं. अक्कांनी चिठ्ठी उचलली.

तेव्हा माझे ते दिवस अगदीच वाया गेले नाहीत. जमीन मी नांगरली होती, असं म्हणायला हरकत नाही. हिला तसं म्हणून दाखवलं. ही म्हणाली, “हो तर,” आणि दिवा पुसायला लागली. दिवा स्वच्छच होता.

१९ मार्च, बुधवार

जुने मुकादम आज आपल्या खणातल्या जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आले, सरावासाठी. भला माणूस. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. हिनं त्यांना त्यातली एक चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितलं तर म्हणाले, “तुम्हीच वाचा बाई, मी आता सुटलो,” आणि लगबगीनं गेले. निवृत्तीची घाई झालेली दिसते.

अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते, असं मी पहिल्या आठवड्यात ठणकावून सांगितलं होतं. काचेवरचं अक्षर तर मिनिटभरही टिकत नाही. पण आज अक्का भट्टीपाशी उभ्या होत्या, काच नव्हती, पाटी नव्हती, आणि त्यांचं बोट आपोआप पदरावर ‘र’ काढत होतं.

२६ मार्च, बुधवार

उद्या.

मला राहवलं नाही. वर्गानंतर अक्कांना बाजूला घेऊन म्हटलं, “मी सकाळी अधीक्षकांशी बोलतो. अकरा वर्षं जी बाई अख्खं धुलाईघर चालवते तिची परीक्षा घेणारे हे कोण? दहा मिनिटं द्या मला. परीक्षाच रद्द करवतो.” आणि खरंच करवली असती. शब्द डोक्यात तयार होते, एकापाठोपाठ एक.

अक्कांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुम्ही बोललात तर मुकादमकी मिळेलही भाऊ. पण परवा गाठोडं आलं की चिठ्ठी कोण वाचणार? तुम्ही येणार का बोलायला?”

मी घरी आलो. हिला सांगितलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

अधीक्षकांची खोली. ते स्वतः, जुने मुकादम, अक्का, आणि दाराशी आम्ही दोघं. टपालला बाहेर थांबवलं होतं, पण दाराच्या काचेला तिचं नाक लागलेलं दिसत होतं.

आधी पाच ओळी लिहायच्या. अधीक्षक सावकाश सांगत होते: आज किती गाठोडी आली, कोणती वेगळी उकळली, कोणतं यंत्र बंद आहे. अक्कांना चौदा मिनिटं लागली. पेन दोन्ही हातांनी धरल्यासारखं धरलं होतं. कागदावर पेनाच्या खुणा मागच्या बाजूनं चाचपून वाचाव्यात इतक्या खोल. अधीक्षकांनी वाचलं, दोन ठिकाणी रेघ मारली, आणि म्हणाले, “कळतंय.”

मग आजच वॉर्डांतून आलेल्या तीन खऱ्या चिठ्ठ्या. पहिली अक्कांनी एकेक अक्षर जोडत वाचली, “अति... दक्षता. चादरी बारा. वेगळ्या... उकळा.” घडाघडा मुळीच नाही. एखाद्या नदीत दगड शोधत पाय टाकावेत तसं. दुसरीही वाचली.

तिसऱ्या चिठ्ठीवर थांबल्या. “वॉर्ड तीन. टॉवेल.” बोट पुढच्या शब्दाखाली तिथंच राहिलं.

“पुढे?” अधीक्षक म्हणाले.

“पुढचा शब्द लागत नाही.”

ठोकून द्या काहीतरी, असं मी मनात ओरडत होतो. हिनं माझ्या दंडावर हात ठेवला.

“अंदाज करा,” अधीक्षक म्हणाले.

“अंदाज नाही करायचा साहेब.”

“मग काय कराल?”

“गाठोडं सोडणार नाही. हातमोजे घालून बाजूला ठेवीन. चिठ्ठी घेऊन वॉर्डात जाईन, आणि ज्यानं लिहिली त्यालाच वाचायला लावीन. नाही वाचता आली, तर परत लिहून घेईन. सुवाच्य.”

अधीक्षकांनी चिठ्ठी घेतली. चष्मा कपाळावर सरकवला, खाली घेतला. चिठ्ठी उलटी करून पाहिली. मग मुकादमांकडे सरकवली. “तुम्ही काय वाचता?”

मुकादम दोऱ्यानं बांधलेली काडी चाचपत राहिले. “खरं सांगू का साहेब? अशा चिठ्ठ्या लागल्या नाहीत की मी ‘साधे’ धरत आलो. डोळे गेली चार वर्षं साथ देत नाहीत.” मग अक्कांकडे न बघता म्हणाले, “ही वास घेऊन म्हणायची, मुकादम, हे साधे वाटत नाहीत, वेगळे उकळते. म्हणून निभावलं.”

अधीक्षकांनी वॉर्ड तीनला फोन लावला. बोलणं अर्ध्या मिनिटाचं झालं. फोन ठेवून त्यांनी सांगितलं, “संसर्ग.” आणि समोरच्या नेमणुकीच्या कागदावर सही केली.

बाहेर टपाल कधीच निघून गेली होती. आम्ही जिना उतरेपर्यंत खाली धुलाईघरात बातमी पोचलेली होती.

रात्री हे लिहिताना एकच गोष्ट मनात घोळते आहे. माझ्यापुढे ती चिठ्ठी आली असती तर? मी एक क्षणही थांबलो नसतो. ठणकावून काहीतरी वाचलं असतं, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते पटलंही असतं.

३१ मार्च, सोमवार

दुपारी दोनला मुकादमांचा निरोप समारंभ. इस्त्रीची टेबलं भिंतीला लावली होती. मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि, काय सांगू, तो जुना सूर लागला. मुकादमांपासून सुरुवात केली, चिठ्ठीवर आलो, चिठ्ठीवरून कागदावर, कागदावरून काजळीवर. मसुदा हा शब्द अरबीतल्या काळ्या रंगापासून कसा आला, ‘सही’ म्हणजे मुळात ‘बरोबर’ कसं, म्हणून जो सही करतो तो छातीवर हात ठेवून सांगतो की हे खरं आहे. लोक ऐकत होते. मुकादमांनी डोळे पुसले. मी दुसऱ्या भागाकडे वळत होतो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक चिठ्ठी हातोहात पुढे आली. टपालनं माझ्या हातात दिली.

भाषणाच्या मध्ये चिठ्ठ्या मला आयुष्यभर आल्या. अध्यक्षांच्या, संयोजकांच्या, एकदा एका मंत्र्याची. ‘वेळ संपली’, ‘आवरा’, ‘दोन मिनिटे’. एकही कधी उघडली नाही. सरळ खिशात घालायचो आणि आवाज चढवायचो. श्रोत्यांना ते आवडायचं.

ही उघडली. अक्षर खोल रुतलेलं, ओळ किंचित वर चढत गेलेली.

‘भाऊ पुरे. दुसरी पाळी लागली. कपडे थांबलेत. मुकादम.’

मी वर पाहिलं. अक्का दाराशी उभ्या होत्या, हातमोजे घातलेले, चेहरा गंभीर. शेजारी ही. हिचा चेहरा गंभीर नव्हता.

चिठ्ठी मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, आणि खाली बसलो.